सणगीतांची नावे : उपनगरांतील एक दुर्लक्षित ठेवा



ऋतू पालटला की गाणे पालटते, हा भारतीय लोकजीवनाचा जुना परिपाठ आहे. श्रावणात मंगळागौरीची गाणी, भाद्रपदात गौरीची, आश्विनात हादग्याची, फाल्गुनात शिमग्याची, अशी वर्षाची वाटचाल गाण्यांच्या खुणांनी ओळखली जात असे. या गाण्यांचे शब्द, त्यांच्या चाली आणि त्यांतून घडणारे स्त्रीजीवनाचे दर्शन यांविषयी मराठीत पुष्कळ लेखन झाले आहे. प्रस्तुत विषय त्याहून लहान आहे. या गाण्यांना निरनिराळ्या भाषा कोणत्या नावांनी ओळखतात आणि त्या नावांत काय साठविलेले असते, एवढाच तो विषय होय.

नाव ही गीताची पहिली नोंद असते. गाणे केव्हा म्हणावयाचे, कोणी म्हणावयाचे, कशाभोवती म्हणावयाचे, यांपैकी एखादी तरी गोष्ट बहुधा नावातच सांगितलेली असते. म्हणून गाण्याचे शब्द विसरले गेले तरी नाव उरले असल्यास त्याचा माग काढता येतो. उलट नाव पुसले गेले, तर ध्वनिमुद्रित करून ठेवलेले गाणेदेखील पोरके होते. हा विचार तपासून पाहण्यास मुंबईच्या उपनगरांइतके सोयीचे क्षेत्र महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

उपनगरांची भाषिक घडण

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर आणि मुलुंड ही आज गजबजलेली स्थानके असली, तरी मुळात हा साष्टी बेटाचा ग्रामीण भाग होय. भातशेती, मिठागरे, मासेमारी आणि डोंगरावरील जंगल यांवर येथील वस्ती जगत असे. इ.स. १५३४ मध्ये वसईबरोबर हा प्रदेश पोर्तुगीजांकडे गेला, १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टी घेतली आणि १७७४ मध्ये ती इंग्रजांच्या ताब्यात गेली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे रेल्वे सुरू झाली आणि या गावांचा मुंबईशी रोजचा संबंध जडला. १९५० आणि १९५७ अशा दोन टप्प्यांत बृहन्मुंबईची हद्द वाढून दहिसर-मुलुंडपर्यंत पोहोचली. १ ऑक्टोबर १९९० रोजी मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ९३ लाखांहून अधिक होती.

या वाढीबरोबर भाषा आल्या. मूळचे कोळी, आगरी, वारली आणि गावठाणांतील ख्रिस्ती हे तर येथलेच होते. त्यांच्या शेजारी कोकणातून आणि देशावरून चाकरमानी आले, गुजरात व कच्छमधून व्यापारी आले, १९४७ च्या फाळणीनंतर सिंधी कुटुंबे मुलुंडला वसली, दक्षिणेकडून तमिळ, मलयाळी, कन्नड आणि तेलुगू भाषक आले, उत्तर प्रदेश व बिहारमधून श्रमिक आले. प्रत्येकाने आपापल्या सणाचे गाणे आणि त्या गाण्याचे नाव बरोबर आणले.

नाताळ आणि त्याचे सोयरे

प्रारंभ गावठाणापासून करणे उचित ठरेल. अंधेरीजवळची मरोळ, चकाला, आंबोली, घाटकोपरकडील किरोळ, बोरिवलीपलीकडची गोराई व मनोरी या गावांत पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झालेला समाज आजही राहतो. १८८७ मध्ये, महाराणी व्हिक्टोरियाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, या समाजाने ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले. नोकरीच्या क्षेत्रात गोव्याच्या व मंगळूरच्या ख्रिस्ती बांधवांपासून आपली ओळख वेगळी राहावी हा त्यामागील हेतू होता. नाव इंग्रजी असले तरी घरातील बोली मराठीच होती.

‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीज ‘नाताल’वरून, म्हणजे मुळात लॅटिनमधील जन्मवाचक शब्दावरून आला. मराठीत येताना त्याने ‘ळ’ घेतला आणि तो इतका रुळला की आज तो परका वाटत नाही. फ्रेंच भाषेतील ‘नोएल’ हा त्याचाच सख्खा भाऊ. तेथे सणालाही नोएल म्हणतात आणि त्या सणाच्या गाण्यालाही नोएलच म्हणतात.

युरोपातील इतर भाषांनी मात्र निराळ्या वाटा धरल्या. स्पॅनिश भाषेत नाताळच्या गाण्याला ‘व्हिल्यान्सिको’ म्हणतात. हा शब्द ‘खेडूत’ या अर्थाच्या शब्दापासून झालेला आहे. हे मुळात गावकऱ्यांचे लौकिक गाणे होते. ते पुढे नाताळला चिकटले. येथे नावाने गाणाऱ्याची नोंद ठेवली आहे. पोलंडमधील ‘कोलेंदा’, रुमानियातील ‘कोलिंदा’, युक्रेनमधील ‘कोल्यादका’ आणि ग्रीसमधील ‘कालान्दा’ ही नावे लॅटिनमधील महिन्याच्या पहिल्या दिवसाच्या नावावरून आली. त्याच शब्दापासून ‘कॅलेंडर’ निघाले. मराठी घरातील भिंतीवर टांगलेले कॅलेंडर आणि पोलंडच्या खेड्यात दारोदार गायले जाणारे गाणे ही अशी एका कुळातील आहेत. पोर्तुगालमध्ये नववर्षाच्या दिवसांत घरोघर जाऊन म्हणावयाच्या गाण्यांना जानेवारी महिन्यावरूनच ‘जानेइरास’ म्हणतात. या भाषांनी काळाची नोंद नावात ठेवली.

इंग्रजी ‘कॅरल’ची कथा याहून बोधप्रद आहे. जुन्या फ्रेंच भाषेत ‘कारोल’ म्हणजे हात धरून, फेर धरून, गात गात करावयाचे नृत्य. चर्चमधील बाकांजवळ उभे राहून म्हटल्या जाणाऱ्या आजच्या कॅरलमध्ये फेर उरलेला नाही. परंतु शब्दाच्या इतिहासात तो सुरक्षित आहे. गाण्याने जे सोडून दिले, ते नावाने जपले, असे याबाबत म्हणता येईल.

गावठाणांतील ‘आगेरा’ या सणाचेही तसेच. ऑक्टोबरच्या प्रारंभी नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये नेऊन त्यांना आशीर्वाद घेण्याचा हा सुगीचा सण आहे. लॅटिन भाषेत ‘आगेर’ म्हणजे शेत. ज्या गावठाणांभोवती आज एकही खाचर शिल्लक नाही, तेथेही सणाच्या नावात शेत उभे आहे.

फेराभोवतीचे शब्द

आश्विन महिन्यात उपनगरांतील एखाद्या मोठ्या वसाहतीत फिरणाऱ्यास फेराची किमान तीन-चार नावे ऐकू येतील. पश्चिम महाराष्ट्रातील कुटुंबांत ‘हादगा’ किंवा ‘भोंडला’ असतो. सूर्य हस्त नक्षत्रात प्रवेश करतो तो काळ सप्टेंबरच्या अखेरीस येतो. त्या पावसाला शेतकरी ‘हत्तीचा पाऊस’ म्हणतात. पाटावर हत्तीचे चित्र मांडून मुली त्याभोवती फेर धरतात. पहिल्या दिवशी एक गाणे, दुसऱ्या दिवशी दोन, असे गाण्यांची संख्या वाढविण्याची रीत आहे. शेवटी झाकलेली खिरापत ओळखावयाची असते. ‘हादगा’ या नावाचा संबंध हस्त नक्षत्राशी जोडला जातो. म्हणजे या एका शब्दात नक्षत्र, पाऊस आणि हत्ती ही तिन्ही सामावलेली आहेत.

विदर्भ आणि खानदेशातून आलेल्या कुटुंबांत याच काळात ‘भुलाबाई’ बसते. खानदेशात काही ठिकाणी तिला ‘गुलाबाई’ही म्हणतात. येथे हत्ती नाही. भुलाबाई आणि भुलोबा, म्हणजे लोकमानसातील पार्वती-शंकर, यांच्या मातीच्या मूर्ती असतात. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर मुली त्यांच्यापुढे गाणी म्हणतात. सासर-माहेराचा विषय दोन्हीकडे सारखा, खिरापतीची गंमतही सारखी, परंतु पूजेचे केंद्र व कालावधी वेगळा आहे आणि तो वेग नावानेच दाखविला आहे.

गुजराती ‘गरबा’ हा शब्द ‘गर्भ’ या संस्कृत शब्दावरून आला. छिद्रे पाडलेल्या मातीच्या घटात दिवा ठेवतात. त्या घटाचे नाव गरबो. पुढे घटाभोवतीच्या गीताला तेच नाव मिळाले आणि त्यानंतर नृत्याला. गुजराती साहित्यात ‘गरबी’ हा स्वतंत्र शब्दही आहे. कवी दयाराम (१७७७–१८५३) गरब्यांपेक्षा आपल्या गरबींसाठी अधिक प्रसिद्ध आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये युनेस्कोने गुजरातच्या गरब्याचा मानवाच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. तथापि घाटकोपर, मुलुंड वा बोरिवलीच्या मैदानावर तिकीट घेऊन नाचणाऱ्या कित्येक तरुणांस गरबा हे मुळात एका दिव्याच्या घटाचे नाव आहे, याची कल्पना नसते.

तेलंगणातील स्त्रिया फुलांची उतरंड रचून तिच्याभोवती गातात. त्या फुलांना, त्या देवीला आणि त्या सणाला ‘बतुकम्मा’ हे एकच नाव आहे. तमिळ ‘कुम्मी’ टाळ्यांच्या तालावर चालते, तर ‘कोलाट्टम’ या शब्दात ‘कोल’ म्हणजे काठी आहे. मलयाळी ‘कैकोट्टिक्कळि’ या नावात हाताची टाळी आणि खेळ हे दोन्ही शब्द उघडपणे दिसतात. पेटत्या समईभोवती स्त्रिया ते खेळतात. बोरिवली ते मुलुंड यांच्या मधोमध पसरलेल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या आणि आरे परिसराच्या पाड्यांतील वारली समाजाचा ‘तारपा’ नाच वाद्याच्या नावाने ओळखला जातो. वाळलेल्या भोपळ्याचे हे फुंकवाद्य वाजविणारा मध्ये असतो आणि सुगीच्या दिवसांत त्याच्याभोवती हातात हात गुंफून साखळी फिरते.

हत्ती, मूर्ती, दिवा, फुले, समई, वाद्य असा फेराच्या मध्यबिंदूचा हा पट आहे. जुन्या फ्रेंच कारोलचा फेरही त्याच जातीचा. यावरून एका भाषेने दुसरीकडून उसने घेतले असे अनुमान काढणे चुकीचे ठरेल. हंगाम हाती आल्यावर माणसे एकत्र येतात, मधोमध काही मांडतात, हात धरतात आणि गातात. हा मानवी व्यवहार सर्वत्र सारखा आहे. त्यातील कोणता भाग नावासाठी निवडावयाचा, याबाबत मात्र प्रत्येक भाषेची दृष्टी स्वतंत्र आहे.

महिन्यांची आणि प्रसंगांची नावे

अंधेरीच्या साकीनाका भागात वा घाटकोपरच्या टेकडीवरील वस्त्यांत राहणाऱ्या भोजपुरी-अवधी भाषक श्रमिकांची गीतनामे बहुतांशी पंचांगाशी बांधलेली आहेत. चैत्रात ‘चैती’, फाल्गुनात ‘फगुआ’, श्रावणात ‘कजरी’ आणि बारा महिन्यांचे वर्णन करणारा ‘बारहमासा’. कजरी हे नाव काजळाशी जोडले जाते. काजळासारख्या काळ्या ढगांचे ते गाणे. गावाकडे शेतात राहिलेली पत्नी आणि परदेशी गेलेला पती हा या गीतांचा नित्याचा विषय होय. कजरी आणि चैती पुढे ठुमरी गायकांच्या मैफलीत गेल्या. परंतु मैफलीतही त्यांनी आपले नाव सोडले नाही, त्यामुळे श्रोत्याला ऋतूचे भान राहिले.

तमिळ कुटुंबांत मार्गळी महिन्यात, म्हणजे मध्य डिसेंबर ते मध्य जानेवारीत, आंडाळ या संत कवयित्रीच्या ‘तिरुप्पावै’तील तीस पदे प्रतिदिनी एक या क्रमाने म्हटली जातात. गोव्यातील कोकणी स्त्रिया पौषातील चांदण्या रात्री ‘धालो’ खेळतात. बंगाली भाषेने प्रसंगावरून नाव दिले. आश्विनात माहेरी येणाऱ्या उमेच्या स्वागताची गीते ती ‘आगमनी’ आणि तिला निरोप देण्याची ती ‘विजया’. लेकीची वाट पाहणारी मेनका ही तेथील आई. हादग्याच्या फेरात माहेरच्या वाटेकडे डोळे लावणारी सासुरवाशीण आणि आगमनीतील मेनका या एकाच दुःखाच्या दोन बाजू आहेत. त्या दोघींच्या लेकी-नाती आज उपनगरांतील एकाच शाळेत एका बाकावर बसतात.

नावे कशी पुसली जातात

गाणी लोपतात तेव्हा ती बंद पडलेली दिसतात. नावांचे तसे नसते. गाणे चालू असताना नाव हरपते आणि म्हणून ती हानी लक्षात येत नाही. तिचे तीन प्रकार उपनगरांत दिसतात.

पहिला प्रकार मोठ्या नावाने लहान नाव गिळण्याचा. ध्वनिक्षेपकावर जे काही वाजते आणि ज्याभोवती जे काही फिरते, त्या सर्वांना नवरात्रात ‘गरबा’ म्हटले जाऊ लागले, की गरबीचाही लोप होतो आणि शेजारच्या भुलाबाईचाही.

दुसरा प्रकार बाहेरून दिलेल्या नावाचा. वेसाव्याच्या कोळीवाड्यातील नारळी पौर्णिमेचे गाणे, शिमग्याचे गाणे आणि लग्नातील गाणे ही तिन्ही बाजारात ‘कोळीगीत’ या एकाच शीर्षकाखाली येतात. शीर्षक खोटे नाही, परंतु ते केवळ समाज सांगते. प्रसंग सांगत नाही. याच्या उलट उदाहरण आगरी-कोळी समाजातील ‘धवळे’ या लग्नगीतांचे आहे. ती ऋतुगीते नव्हेत. पण नाव टिकल्याने काय साधते, हे त्यांवरून कळते. तेराव्या शतकात महानुभाव पंथातील महदाइसेने ‘धवळे’ रचले. आद्य मराठी कवयित्री म्हणून तिचा गौरव होतो. तोच शब्द गात राहिलेली ‘धवळारीण’ आगरी-कोळ्यांच्या मांडवात अजून भेटते. गुजरातीतील ‘धोळ’ हा त्याच शब्दाचा आप्त होय. आगरी घरातील वृद्ध स्त्रीने उच्चारलेला एक शब्द सातशे वर्षांच्या वाङ्मयाशी थेट जोडलेला आहे. तिच्या गाण्यावर ‘लोकगीत’ एवढाच शिक्का मारला, तर तो धागा तेथेच तुटतो.

तिसरा प्रकार अधिक नाजूक आहे आणि त्याचा संबंध शाळेशी येतो. समजा, मुलुंडच्या एका वर्गात जळगावकडील मुलगी ‘भुलाबाई’ म्हणते, साताऱ्याकडील ‘हादगा’ आणि पुण्याकडील ‘भोंडला’. शाळेच्या कार्यक्रमपत्रिकेवर ‘भोंडला’ हा एकच शब्द छापला जातो, तेव्हा पहिल्या दोघींस आपल्या आजीचा शब्द अशुद्ध होता असे वाटू लागते. नाव एकच झाले की मांडणीही एकच ठरते. मग मातीची मूर्ती ही चूक ठरते आणि महिनाभराचा कालावधीही चूक ठरतो. गावठाणातील मुलाला ‘नाताळची गाणी’ऐवजी ‘कॅरल’ हाच शब्द प्रतिष्ठेचा वाटू लागतो आणि त्याबरोबर घरातील मराठी बोलीही मागे पडते. कोणाचाही वाईट हेतू नसताना हे घडते, म्हणूनच ते थांबविणे जाणत्यांच्या हाती आहे.

नोंदीचा एक जुना नमुना

यासाठी नवी पद्धत शोधण्याची आवश्यकता नाही. इ.स. ११२९ च्या सुमारास चालुक्य राजा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात ओवीचा उल्लेख केला. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, असे त्याने नोंदविले. या लहानशा विधानात गीताचे नाव, प्रदेश, गाणारी व्यक्ती आणि प्रसंग या चारही गोष्टी आल्या आहेत. त्यामुळेच नऊशे वर्षांनंतरही त्या नोंदीचा उपयोग होतो.

आधुनिक काळात साने गुरुजींनी स्त्रियांच्या ओव्या संकलित केल्या, दुर्गा भागवत यांनी लोकसाहित्याच्या अभ्यासाला शास्त्रीय बैठक दिली आणि डॉ. सरोजिनी बाबर यांच्या नेतृत्वाखाली राज्याच्या लोकसाहित्य समितीने जिल्ह्याजिल्ह्यांतील सामग्री ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. हे कार्य प्रामुख्याने ग्रामीण महाराष्ट्रात झाले. महानगराच्या पोटातील गावठाणे, पाडे आणि स्थलांतरितांच्या वस्त्या यांकडे त्या मानाने कमी लक्ष गेले.

आता त्यास अनुकूल काळ आहे. २०२० च्या अधिनियमान्वये राज्यातील सर्व माध्यमांच्या शाळांत मराठीचे अध्यापन अनिवार्य झाले आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. उपनगरांतील मराठीच्या तासाला तमिळ, गुजराती, भोजपुरी, सिंधी अशा सर्व घरांतील मुले एकत्र बसतात. त्या तासाला प्रत्येकाने घरी विचारून एक शब्द आणावा : आपल्या सणाच्या गाण्याला घरी काय म्हणतात? वहीत पाच रकाने पुरेत. गाण्याचे घरातील नाव, महिना वा प्रसंग, गाणारे कोण, मध्यभागी काय मांडतात, आणि हे सांगणाऱ्याचे मूळ गाव. शब्द सांगणाऱ्याच्या उच्चाराप्रमाणेच लिहावा. तो शुद्ध करू नये. दोन घरांनी दोन नावे सांगितली तर दोन्ही लिहावीत.

उपनगरांत ग्रामपंचायती नाहीत. तेथे हे काम शाळा, ग्रंथालये आणि गावठाणांच्या व कोळीवाड्यांच्या मंडळांनी करावे. इतर जिल्ह्यांत मात्र पंचायत हीच त्याची स्वाभाविक जागा होय. गावाच्या वार्षिक उत्सवाचा खर्च नोंदवहीत लिहिला जातो; त्याच वहीत त्या उत्सवाच्या गाण्याचे नाव लिहिण्यास एका ओळीहून अधिक जागा लागत नाही. अधिकारी वर्गाने सांस्कृतिक कार्यक्रमांच्या अहवालांत ‘लोकगीते सादर झाली’ असे मोघम वाक्य न लिहिता, गीताचे नाव आणि प्रसंग लिहावा. या सर्वांस वेगळ्या तरतुदीची गरज नाही. थोड्या आस्थेची आहे.

काम निकडीचे आहे, कारण ही नावे सांगणाऱ्या पिढीतील स्त्रिया आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. गाणे एखाद्या यंत्रात साठविता येईल, पण ते कशाचे गाणे होते, हे सांगणारी व्यक्ती यंत्रात नसते. येत्या आश्विनात फेर धरला जाईल तेव्हा शिक्षकाने मुलींना गाणे तर म्हणावयास सांगावेच, पण त्याआधी प्रत्येकीच्या घरातील नाव विचारावे आणि ते फळ्यावर लिहावे. त्या फळ्यावर जितकी नावे जमतील, तितकी ती उपनगराची खरी श्रीमंती समजावी.